किल्ल्यावरची आई
काल सुनेच्या हातून चकल्यांचा घाणा करपला. ती हळहळली, मी मात्र त्या वासासरशी पन्नास सालच्या सुमाराला, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

दिवाळी दोन दिवसांवर आली होती. मी चुलीपुढे तळणाला बसले होते आणि सहा वर्षांची माझी कुमुद अंगणात किल्ला करत होती. "आई, बघायला ये ना!" असं ती दहांदा ओरडली, तेव्हा कुठे मी हात पुसत गेले.

किल्ल्याच्या पायथ्याशी तिने मातीची आमची माणसं मांडली होती. चष्मा लावलेले बाबा, दोन वेण्यांची ती स्वतः. तिसऱ्या बाहुलीला नुसती पाठ आणि अंबाडा. तोंडच नव्हतं.

"ही कोण गं?"

"तू. तू अशीच तर दिसतेस."

कढईत चकल्या तशाच टाकून मी तिच्यासमोर मातीत बसले. "घे, आता बघून कर."

तिने बराच वेळ मला न्याहाळलं. मग चिखलाचं बोट माझ्या हनुवटीवर टेकवून म्हणाली, "अगं आई, तुला इथे तीळ आहे?"

आतून करपल्याचा वास यायला लागला. मी उठले नाही.