म्हशीनं चाटलेली सळी

जमीन न उकरता तिच्या पोटात काय आहे ते ओळखू पाहणाऱ्या माणसांचं आमचं कोल्हापुरात एक भूभौतिकी मंडळ आहे. नुसतं नाव ऐकलं तरी लग्नातले पाहुणे जरा मागं सरकतात. सभासद म्हणजे निवृत्त प्राध्यापिका असलेल्या अध्यक्षबाई, चार-दोन मास्तर आणि चिटणीस मी. मी का, तर मोजणीचं यंत्र ठेवायला आमच्याच पलंगाखाली जागा होती.

मंडळाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. पावसाळ्यात जमीन चिंब असते, यंत्राला सगळीकडंच पाणी दिसतं. गेल्या वर्षीची पहिली मोजणी नेसरीला, माझ्या धाकट्या बहिणीच्या शेतात ठरली. तिथं बोअर मारायची होती. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारा माणूस आणायचा होता. बहीण म्हणाली, "माझा दादा सांगंल तिथंच मारायची." सासरी एवढं ठाम ती पहिल्यांदाच बोलली होती. मी चुकलो तर पडणार होता तिचा शब्द.

मोजणी तशी सोपी. चार लोखंडी सळ्या एका ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींवर मोजायची. बाहेरच्या सळ्या लांब लांब न्याव्यात तसतसं खोलचं कळतं, आणि जमीन विजेला किती अडवते तो आकडा उतरला की पाण्याची आशा. कोरड्या मुरमात वीज नीट उतरत नाही, म्हणून सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. मी सढळ हातानं ओतलं आणि मधोमध यंत्रापाशी बसलो.

आकडे चढत गेले आणि एके ठिकाणी धाडकन उतरले. पुढचे परत वर गेले. त्यांच्याकडं मी भावाच्या नजरेनं पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. बहिणीनं जागेवर दगड ठेवून हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या बैठकीत मी आलेख ऐटीत भिंतीवर लावला. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला.

"चिटणीस, पाणी एकाच आकड्यापुरतं कसं हो येतं? त्या वेळी तिथं काय चाललं होतं?"

मी तेव्हा चहा पीत होतो. बैठकीतूनच बहिणीला फोन लावला.

"त्या वक्ताला? काय न्हाय. म्हशीनं तुझी सळी चाटून चाटून उपटली. खारट लागली आसंल."

"मग?"

"मग मामांनी परत ठोकली की. म्हशीचं तोंड पोचू नये म्हणून दहा-बारा पावलं पलीकडं."

सळी लांब गेली आणि हिशेबात जुनंच अंतर धरलं, तर आकडा उतरणारच. पाणी समजून मी म्हशीच्या दाव्याची लांबी मोजून आलो होतो.

"बोअरची गाडी थांबव," मी म्हणालो.

"दादा, साऱ्या गल्लीला सांगून बसले मी."

"मी येतो. मीच सांगतो."

अध्यक्षबाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. "या पावणं," सासरे म्हणाले, "आज म्हस गोठ्यात बांधलीया." परत मोजलं. आकडा कुठंही उतरला नाही. खाली नुसता काळा दगड. सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, चूक माझी. इथं पाणी दिसत नाही." बहिणीनं कुंकवाचा दगड गुपचूप उचलला.

सासरे मात्र सळीपाशी गेले. दहा पावलं पलीकडं ठोकून बघितली, आकडा उतरला. परत आणली, चढला. मग पुन्हा. "आयला! जमीन तीच, आन् आकडा हलतोय!" त्यांना सोडवेना. चहा निवला. त्या नादातच आम्ही ओढ्याकाठच्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या जुन्या विहिरीपर्यंत मोजत गेलो. तिथं चार-पाच आकडे हळूहळू, एकामागून एक उतरले.

"बोअर नको," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हीच विहीर खोल करा."

सासऱ्यांनी सुनेकडं पाहिलं. "तुझा दादा म्हणतोय का?"

"व्हय," ती म्हणाली. जरा दबकतच.

उन्हाळ्यात आमच्या वार्षिक सभेआधी तिचा फोन आला. आवाज चांगला दणदणीत होता.

"दादा, विहिरीत कमरेएवढं पाणी हाय. आन् मामा इचारत्यात, तुमच्या मंडळात शिरायला काय लागतं?"

मी म्हटलं, "त्यांचा पलंग उंच आहे का बघ."