पेपरवेटखालचा फॉर्म

माझ्या दोन्ही खांद्यांवर अजून खाचा आहेत. बोट आडवं ठेवलं तर नीट बसेल एवढ्या. त्या आईच्या शिलाई मशीनमधून आल्या असं मी म्हणायची आणि आईला ते झोंबायचं. तेराव्या वर्षापासून ती माझ्यासाठी मांजरपाटाच्या बॉड्या घरीच शिवत होती. बाजारात माझ्या मापाची मिळत नसे, आणि मिळाली असती तरी दुकानदाराला माप सांगणार कोण? दर वर्षी कापड जास्त लागे, पट्ट्या रुंद होत. पट्ट्यांच्या आत ती जुन्या लुगड्याच्या घड्या घालून शिवायची, तरी त्या रुतायच्याच.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. मुलुंडला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका कचेरीत हेडक्लार्क होते. मी चोवीस वर्षांची, घाटकोपरच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. फळ्यावर लिहायला हात वर केला की मानेपासून कंबरेपर्यंत कळ जायची. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटून निघायची, तिथे मी सकाळ-संध्याकाळ पावडर थापत असे. वर्गातल्या मुलांचं काही नव्हतं, ती नऊ वर्षांची होती. रस्त्यातल्या बाप्यांचं होतं. म्हणून मी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून, पोक काढून चालायची. मंगळागौरीला मैत्रिणी फुगड्या घालत तेव्हा मी कोपऱ्यात बसून गाणी म्हणे. मुलगी फार गंभीर आहे, असं बायका कौतुकाने म्हणत. गंभीर कसली, मी चिडलेली असे.

कातडीला जखम झाली तेव्हा आई मला आमच्या इथल्या लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. बाईंनी मलम दिलं, खांदे पाहिले, आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहिली. छाती लहान करायचं ऑपरेशन असतं, हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं जे ओझं जन्माचं म्हणून वागवत होते ते कोणी काढू शकतं, ह्या कल्पनेनेच मला रडू फुटत होतं.

सर्जन नुकतेच विलायतेहून शिकून आले होते. त्यांनी कागदाच्या पाठीवर फाउंटनपेनने चित्र काढून दाखवलं. काप कुठून कुठे जाईल, आतलं किती काढतील, बोंडं उचलून वर कुठे बसवतील. तीन तास लागतील, दहा-बारा दिवस हॉस्पिटलात राहावं लागेल, दोन्हीकडे रबराच्या नळ्या असतील, टाके ओढतील. दीड महिना हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे फळ्यावर लिहायचं नाही. वण वर्षभर लाल राहतील, मग फिकट होतील, पण जाणार नाहीत. तिथली संवेदना कदाचित कमी होईल. पाठ आणि मान मात्र बहुतेक सुटेल. सुंदर दिसण्याचं वचन मी देत नाही, असंही ते म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं. माझ्याशी इतकं सरळ तोवर कोणी बोललंच नव्हतं.

आई सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी तिने एकच विचारलं, पुढे मूल झाल्यावर दुधाचं काय? काहींना येतं, काहींना येत नाही, खात्री देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई उठूनच उभी राहिली.

घरी आल्यावर तिने तोंड उघडलं. लग्न व्हायचंय अजून, वण घेऊन कोणाच्या दारात उभी राहशील, वगैरे. त्याला माझ्याकडे उत्तरं होती. मग ती म्हणाली, "भुकेलं पोर रडतं ते ऐकलंयस कधी?"

"तू तरी कुठे ऐकलंयस? मी कधी भुकेली राहिले?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आपण जिंकलो असं मला वाटलं. मला ते दिवसभर वाटत होतं, हे इथे लिहितानाही लाज वाटते.

अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायकांच्या अंगाचं पुरुषमाणसांपुढे बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आईने त्यांना 'पाठीचं दुखणं' म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी ते मनावर घेतलं. कचेरीतल्या कोणाला तरी विचारून ते नारायण तेलाची बाटली घेऊन आले. माझी गादी काढून त्यांनी मला फळीवर झोपायला लावलं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "पाठ कशी आहे?" मी म्हणायची, आहे तशीच. बाप-लेकीत ह्या विषयावर एवढंच बोलणं.

पण हॉस्पिटलने फॉर्म दिला होता. दोन पानी, इंग्रजी, आणि त्यात सगळं उघडउघड लिहिलेलं. मी अविवाहित, म्हणून वडिलांची सही हवी. सोमवारी सकाळी दहाच्या आत सही केलेला फॉर्म घेऊन हजर व्हायचं, नाहीतर खाट दुसऱ्या पेशंटला जाणार आणि पुढची कधी मिळेल ते सांगता येणार नाही. हा कागद मी ह्यांच्या हातात देणार नाही, असं आईने साफ सांगितलं. बुधवारी संध्याकाळी मी तो स्वतःच अण्णांच्या टेबलावर ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. अण्णा न वाचता कशावर सही करत नसत, दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा. पहिलं पान वाचताना त्यांचा हात कपाळाकडे गेला. दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग खाली वाकून काहीतरी केलं, पण अण्णा पाठमोरे असल्यामुळे काय ते मला दिसलं नाही. फॉर्मची घडी घालून त्यांनी तो हिरव्या काचेच्या पेपरवेटखाली ठेवला आणि पाय धुवायला निघून गेले.

अण्णांच्या टेबलाचा नियम इथे सांगायला हवा. त्यावरच्या कागदाला कोणी हात लावायचा नाही. सहा वर्षांची असताना मी तिथल्या एका कागदाची होडी केली होती. अण्णांनी मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून आईदेखील तिथली धूळ कागद चुकवून पुसायची. ज्याचं काम झालं तो कागद ते स्वतः हातात देत. जो पेपरवेटखाली राहिला, त्याचा निकाल लागायचाय असं समजायचं.

गुरुवारी सकाळी चहा आला, आणि त्यांनी पाठ कशी आहे ते विचारलं नाही. शुक्रवारीही विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते, पेपरात डोकं घालून बसत. जेवायला बसलं की मला समोर तो हिरवा पेपरवेट दिसायचा आणि त्याखाली घडीचा पांढरा कोपरा. मी मनातल्या मनात त्यांची बाजू मांडायची, आपली मांडायची, आणि दोन्हीकडून हरायची. आई मात्र एकदम मऊ झाली होती. शुक्रवारी तिने माझ्या आवडीचं वालाचं बिरडं केलं, तेव्हा माझी खात्रीच पटली की सगळं संपलं. शनिवारी मी हट्टाने पिशवी भरली. आईने त्यातलं एक पातळ धुवायचं म्हणून काढून नेलं. मी ते तारेवरून ओलंच ओढून पुन्हा पिशवीत कोंबलं.

रविवारी संध्याकाळी माझा धीर सुटला. अण्णा आरामखुर्चीत होते. आई देवापाशी समईत तेल घालत होती. तेल घालायला तिच्याकडे एक जुनं चांदीचं बोंडलं होतं, तान्ह्या मुलांना दूध पाजायचं चोचीचं भांडं, एका बाजूने चेपलेलं. दुसरं काही कशाला आणायचं, म्हणून ती तेच वापरते असं मला वाटे.

मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, माझ्या पाठीला काही झालेलं नाही. माझी छाती जड आहे. मला ती सोसवत नाही. सही करायची नसेल तर तोंडाने सांगा, हे असं गप्प बसू नका."

तो शब्द आमच्या घरात त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"सही मी बुधवारीच केली," ते म्हणाले. "तू फॉर्म उचलला का नाहीस?"

"तुमच्या टेबलावरचा?"

मला वाटतं, तो नियम पाळणाऱ्याला कसा दिसतो हे त्यांना तेव्हाच कळलं. तुझ्या हातात देताना काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिथेच ठेवला, असं काहीतरी ते पुटपुटले. मग उठले, पेपरवेट उचलला आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

सही होती, खाली बुधवारची तारीख होती. दुसऱ्या पानाच्या समासात मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मूल झाल्यास?' आणि त्यावर आडवी रेघ मारलेली होती. ही त्यांची कचेरीतली पद्धत. शंका समासात लिहायची, उत्तर मिळालं की खोडायची. त्याशिवाय खालची सही करायची नाही.

"ह्याचं उत्तर तुम्हाला कोणी दिलं?" मी विचारलं. "डॉक्टरांनाही ते देता आलं नाही."

अण्णांनी देवाकडे, म्हणजे आईच्या पाठीकडे पाहिलं. "मला ठाऊक होतं," ते हळू म्हणाले. "तुझ्या वेळी तुझ्या आईला दूध आलंच नाही. तिची काही चूक नव्हती. तू गाईच्या दुधावर वाढलीस, बोंडल्याने."

समईपाशी आईचा हात थांबला. तेल वातीवरून ओघळून तबकडीत पडत होतं, ते तिच्या ध्यानात नव्हतं. तू तरी कुठे ऐकलंयस, असं मी तिला विचारलं होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराच्या टोकाने तिने बोंडल्याची चोच पुसली.

"पहिले आठ दिवस तू नुसती रडत होतीस," ती म्हणाली. "मी कानात बोटं घालून बसत होते." मग बोंडलं कोनाड्यात ठेवून तिने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी आठ म्हटलं. अण्णा म्हणाले की त्यांनी सोमवारची रजा गुरुवारीच टाकली आहे.