कावळा शिवला तो सायकलींना

आमच्या घरात चार सायकली आहेत आणि चालवणारं कोणी नाही. दोन हॉलच्या भिंतीवर हुकांना टांगलेल्या, एक गॅलरीत, एक बेडरूममध्ये कपाटाला टेकवलेली. नवीन माणूस घरी आला की त्याला हे आधीच सांगून टाकते, नाहीतर चहा थंड होईस्तोवर तो भिंतीकडेच बघत बसतो. मुलुंडमधलं वन बीएचके ते केवढं, त्यात चार सायकली, आणि त्याही डोंगरावर चालवायच्या. जाड टायरच्या, गिअरवाल्या, तीस-तीस वर्षं जुन्या.

आमच्या ह्यांना हा नाद लागला रिटायर झाल्यावर. इतर माणसं नाना-नानी पार्कात जातात, कोणी गुडघे धरून बसतं. हे रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन निघायचे आणि जुन्या जुन्या बिल्डिंगांमध्ये शिरायचे. पिशवी वॉचमनसाठी. पिशवीवाल्या म्हाताऱ्याला कोणी अडवत नाही. आत गेले की जिन्याखाली बघायचे, मीटरच्या खोलीमागे बघायचे. तिथे हमखास एखादी सायकल असते. पोरं शिकून लांब गेलेली, कोणी अमेरिकेला, कोणी नुसतंच ठाण्याला, आणि सायकल खाली राहिलेली. टायर बसलेले, तारांमध्ये कोळ्याचं जाळं, सीटवर कोणाचं तरी पायपुसणं वाळत घातलेलं. मग हे वर जाऊन बेल वाजवायचे आणि विचारायचे, "खालची सायकल तुमची का?"

घाटकोपरला एकदा मी बरोबर होते. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईंनी. त्यांना पहिल्यांदा कुठली सायकल तेच आठवेना. आठवली तेव्हा आम्हाला बसवलं, चहा केला आणि मुलगा दहावीत पास झाला तिथपासून सगळं सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. निघताना त्या बाई तीन जिने उतरून खाली आल्या, सीटवर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चेन तेवढी बघून घ्या हो. चढावर उतरायची तिची." जसं मुलगी सासरी धाडताना सांगावं की हिला दूध चालत नाही.

मी ह्यांना विचारायचे, "अहो, एवढी हौस आहे तर दुकानातून नवी घ्या की."

"नवी घेऊन काय करू?"

"चालवा."

"चालवायला कुठलीही चालते गं."



घ्यायच्या आधी हे सायकलीच्या मधल्या पाइपवर बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे आणि कान लावायचे. ते माझ्याकडून शिकलेले. मी माठ घेताना तसंच करते. माठ पक्का असेल तर आवाज लांबतो, चीर असेल तर थप्प वाजतो. जुन्या लोखंडाचंही तसंच म्हणे. आतून गंजलेला पाइप थप्प बोलतो आणि चांगला असेल तर आवाज बारीक होत होत जातो. "नव्या सायकली अशा बोलत नाहीत," म्हणायचे. गिअरची कळ अंगठ्यानं ढकलायची असते, ती मला गॅलरीत बोलावून बोलावून ऐकवायचे. टक्. परत टक्. "बघ, तीस वर्षांत ह्या कळीला काही झालं नाही." मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यातून पण असाच आवाज येतो, तो कधी कान लावून ऐकलात का?" तर हसले. इडलीच्या कुकरात चेन उकळली होती त्या वर्षी मात्र मी आठवडाभर बोलले नव्हते.

आणि डोंगर? एकदा मी चेष्टा केली, "डोंगरावरची सायकल म्हणता, डोंगर कुठाय?" गॅलरीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो आमच्या, त्याच्याकडे ह्यांनी बोट दाखवलं. "तो काय."

"मग जाणार कधी?"

"जायला कशाला पाहिजे? आहे ना समोर."

जायचे ते कोथिंबीर आणायला मार्केटपर्यंत. कोथिंबीर हॅन्डलला लटकवून, कॉलर ताठ करून यायचे.

थंडीत गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि पेपर हळूहळू मांडीवर आला. एवढंच झालं. मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि पुढेही बरेच दिवस वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो बघा, पाय आपलाच, पण चिमटा काढला तरी शेजारणीचा वाटतो. तसं माझं अख्खं अंग झालं होतं. बायका यायच्या, माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, "रडू दे गं तिला" असं एकमेकींना सांगायच्या. मी आपली बघत बसायचे, आता ही पाणी मागेल, ती चप्पल शोधेल. मुलगी रडून रडून सुजली होती. तिला मीच जवळ घेत होते.

दहाव्याला सगळे स्मशानाशेजारच्या चौथऱ्यावर गेलो. आम्हाला मुलगा नाही, तेव्हा दिवस माझ्या दिरानं केले, ह्यांच्या धाकट्या भावानं. तो बोरिवलीला असतो. पिंड ठेवला, बाजूला भात, वडे, ह्यांना आवडायची ती काळ्या वाटाण्याची आमटी. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, चांगले दहाबारा. एकही खाली येईना.

गेलेल्याचं काही मागे अडकलं असलं की कावळा शिवत नाही, असं आपल्यात म्हणतात. मग एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायचा. दीर हात जोडून म्हणाला, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. तिला एकटं ठेवणार नाही, ती लेकीकडे राहील." कावळे जागचे हलले नाहीत. मुलगी पुढे झाली. "बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. माझ्याजवळ राहील ती, नक्की." एका कावळ्यानं तर आमच्याकडे पाठ केली. जावयांनी नातवाच्या शिक्षणाचं सांगितलं. कोणी गावच्या देवाचा राहिलेला नवस फेडू म्हणालं. ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते घड्याळ बघत दर्भाचा कावळा करू म्हणाले.

तेव्हा दीर वैतागून बोलला, "अरे दादा, तुझ्या त्या सायकली विकणार नाही बाबा. शब्द देतो. ये आता."

आणि कावळा आला. सरळ पिंडावर. मागोमाग सगळेच आले, आमटीचासुद्धा फडशा पाडला. लोकांना रडू आलं आणि हसूही आलं. दीर हुंदके देत म्हणत होता, "बघा, जीव कशात होता माणसाचा." माझ्याकडे सगळे बघत होते, हिला काय वाटलं असेल म्हणून. मला पायाखालची लादी तापल्याचं कळत होतं. बाकी काही नाही.

मुलगी नाहूरला असते, एक स्टेशन अलीकडे. तिनं शब्द दिला होता तो ती पाळायला लागली. माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला, नातवाच्या खोलीत दुसरा पलंग टाकला. मुलुंडचं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. माझं जायचं नक्कीच झालं होतं म्हणा. मी नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. मला विचारलं की मी "बघू" म्हणायचे, आणि बघू म्हणजे होच असतं आपल्याकडे. अडलं ते सायकलींवर.

ती काकाला फोनवर म्हणाली, "काका, शब्द तुम्ही दिलात, तर सायकली तुम्ही ठेवा."

"माझ्याकडे जागा कुठाय गं? मी विकणार नाही म्हणालो, ठेवीन नाही म्हणालो."

"मग मी विकते."

"अजिबात नाही हं. तो शिवलाय."

दोन-तीन महिने असं चाललं. शेवटी तिनं काकाला न सांगता एका गिऱ्हाइकाला बोलावलं. अंधेरीचे एक गृहस्थ, चाळिशी उलटलेली, बँकेत आहेत. ह्यांच्याशी त्यांची फोनवरची ओळख, एकमेकांना जुने पार्ट द्यायचे. रविवारी आले. चप्पल काढली आणि हॉलमधल्या लाल सायकलीसमोर जमिनीवरच बसले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. मग उठून तिच्या पाइपवर टिचकी मारली. तो आवाज घरात किती दिवसांनी झाला. मुलगी आत होती, ती दारात येऊन उभी राहिली.

मी विचारलं, "एवढं काय आहे हो हिच्यात?"

"काकू, मी आठवीत होतो. शाळेच्या रस्त्यावर दुकान होतं, काचेत ही लावलेली. डिट्टो हीच, हाच लाल. रोज बघायचो. घरी मागायची सोयच नव्हती."

"आणि आता घेऊन काय करणार? डोंगरावर जाणार?"

"छे. माझी कंबर गेलीये."

"मग?"

"काही नाही. घरी असेल."

एवढंच म्हणाले. मी चहा टाकायला आत गेले. दूध उकळेपर्यंत ओट्याशी उभी होते. हा ओटा, हा नळ जो दोनदा पिळल्याशिवाय बंद होत नाही, खिडकीतून दिसणारा तो डोंगर. काही करायचं नसतं यांचं. घरी असतात.

चहा दिला आणि त्यांना म्हटलं, "रागावू नका, पण विकायच्या नाहीत." आणि कावळ्याचं सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग बरोबर आहे." जाताना एवढंच सांगितलं, "टांगलेल्या ठीक आहेत. गॅलरीतली आणि आतली, दोन्हींच्या टायरात हवा नाहीये काकू. बसलेल्या टायरवर उभ्या राहिल्या तर रबराला भेगा जातात. विकू नका, पण हवा भरत जा."

ते गेल्यावर मुलगी माझ्यावर उखडली. "आई, काय हे? आता तू नाहूरला येणार कशी? कावळ्यासाठी?"

"तू पण होतीस ना तिथे?"

"होते. म्हणून काय?"

"काका म्हणाला, ही लेकीकडे राहील. कावळा आला?"

ती चहाचे कप उचलायला लागली.

"तू म्हणालीस, आईला मी नेते. आला? पाठ केली त्यानं. मी नीट बघत होते, मला दुसरं कामच नव्हतं. तुझ्या बाबांना माझं तिकडे जाणं मान्य असतं तर तेव्हाच नसता का आला?"

"तुझा तरी विश्वास आहे का कावळ्यावर?"

"माझा नाही. पण काकाचा आहे. त्याला विचार हवं तर."

ती सोफ्यावर बसली. मग रडली. म्हणाली, "तुला माझ्याकडे यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस." मी म्हटलं, "मलाच ठाऊक नव्हतं गं." खरंच नव्हतं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं काकाला फोन लावला नाही. रात्रीच्या पोळ्या करून, डब्यात माझी भाजी घेऊन ती तिच्या घरी गेली.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी हवा भरते. ह्यांचा पितळी दांड्याचा पंप आहे, तो पायाखाली दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी रेटायचा. पहिल्यांदा दम लागला. आता जमतं. मग टायर अंगठ्यानं दाबून बघते, आणि झाल्यावर पाइपवर एक टिचकी मारते. आवाज बराच वेळ राहतो. काही वाटतं का, म्हणून मुलगी फोनवर विचारते. मी तिला खरं ते सांगते, नाही गं, अजून काही नाही. मग विचारते, येताना कोथिंबीर आणशील का.