जिलबीचा बचावपटू

रविवारी सकाळी राजवाड्याजवळच्या पोह्यांच्या दुकानात आम्ही चार मित्र देशाच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघावरून भांडतो. जिलबीचे तुकडे करून ताटलीत संघ मांडायचा आणि ज्याला जो खेळाडू पटत नाही त्यानं तो खाऊन टाकायचा, ही आमची रीत.

त्या रविवारी मोबाइलवर त्या संघाचा सामनाच चालू होता आणि मी नेहमीसारखा तापलेलो. "अरे भिया, आपल्या पोरांना लहानपणापासून एकच शिकवतात, चेंडू आला की लांब मारा आणि मोकळे व्हा. हे काय खाक वर्ल्ड कप खेळणार!" असं शेजारच्या मित्राला म्हणत मी मधल्या बचावपटूचा तुकडा उचलला.

तेवढ्यात पडद्यावर त्याच पोराकडे चेंडू आला. समोरून तिघं धावून आले, मागे आपलाच गोल. मी ओरडलो, "मार लांब!" त्यानं चेंडूवर पाय ठेवला, क्षणभर थांबला, वळला आणि तिघांच्या मधून अलगद पास दिला.

हे त्याला कुणी शिकवलं असेल? हातातला तुकडा मी हळूच परत त्याच्या जागी ठेवला.

सामना आपण हरलो. बाकीचा संघ आम्ही खाऊन संपवला, पण त्या तुकड्याला कुणी हात लावला नाही.