प्लेसमेंटवाल्या मॅडम

आमच्या मॅडमच्या ब्युटी कॉलेजात बारा महिने दोनच सीट शिल्लक असायच्या. जूनमध्ये दोन, दिवाळीला दोन, आणि अर्ध्या मुली सोडून गेल्या तरी दोनच. मराठी आई आली तर "ताई, उद्याचं सांगता येत नाही," आणि लूमवाल्यांच्या घरची आली तर "बहनजी, दो ही सीट बची है, कल का भरोसा नहीं." हे सांगताना त्यांच्या मागे रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असत. त्या कुठल्याच आईला दिसत नसत, कारण मॅडम बोलायला लागल्या की माणूस फक्त मॅडमकडे बघत राही. अख्ख्या भिवंडीत इतकी ठसठशीत लिपस्टिक लावून इतक्या मायेने थाप मारणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

कॉलेज म्हणजे लूमच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्रमागांची शिफ्ट सुरू झाली की वर फरशी थरथरायला लागे, आणि आम्ही दातात दोरा धरून एकमेकींच्या भुवया कोरत असू. माझी डावी भुवई त्या वर्षात बहुतेक काळ गैरहजरच होती. मी रडत तक्रार नेली तर मॅडम म्हणाल्या, "बेटा, इथे शिकलेली मुलगी भूकंपातसुद्धा भुवई करेल." स्वतःच्या भुवयांना मात्र त्या आमच्यापैकी कुणाला हात लावू देत नसत.

फी हा शब्द त्यांच्याकडे कधी एकटा येत नसे. प्रवेशाची वेगळी, किटची वेगळी, एप्रनची वेगळी. किटचे पैसे भरल्यावर कळलं की ब्रश त्यात नाहीत, ते ॲडव्हान्स कोर्सला मिळतात. सर्टिफिकेट फीमध्ये होतं, पण त्याचं लॅमिनेशन नव्हतं. लग्नसराईत मॅडम नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी घ्यायच्या. वज्रेश्वरीपर्यंतचे हॉल आम्ही पालथे घातले. केस आम्ही बांधायचे, साड्या आम्ही नेसवायच्या, पाकीट मॅडमनी घ्यायचं. याला प्रॅक्टिकल म्हणत. लग्नाच्या पंगतीत आम्हाला जेवायला मिळे, तो आमचा स्टायपेंड.

हे सगळं मी सोसलं ते पाटीवरच्या एका ओळीसाठी. तिथे लिहिलं होतं, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. माझे बाबा अंबाडी लाइनला रिक्षा चालवायचे. त्यांनी फी भरताना मला स्पष्ट सांगितलं होतं, "वरसात नोकरी लागली तर लग्नाचा विषय काढनार न्हाय. न्हाय लागली, तर मंग माजं ऐकायचं." मला लग्न नको होतं, निदान तेव्हा तरी नको होतं. मला स्वतःचा पगार हातात घेऊन बघायचा होता. त्यामुळे कोर्स संपला तशी मी रोज मॅडमच्या दारात जाऊन उभी राहायची आणि त्या रोज सांगायच्या, "चालू आहे बेटा, तुझी प्लेसमेंट चालू आहे."

वर्ष सरत आलं तेव्हा एका रविवारी मॅडम आमच्या टेमघरच्या घरी हजर झाल्या. हातात पेढे. दारातूनच म्हणाल्या, "घ्या, आणली प्लेसमेंट."

मी आतून धावत आले. "कुठलं पार्लर, मॅडम?"

"पार्लर कसलं गं? मुलगा आहे. गोडाऊनला सुपरवायझर, घरचा एकुलता एक."

आई पदर सावरून पाट मांडायला उठलीसुद्धा. मॅडमनी माझं तोंड पाहिलं आणि समजावलं, "अगं, प्लेसमेंटला मराठीत काय म्हणतात? स्थळच ना? आमच्या कॉलेजची एक मुलगी घरी बसलेली नाही." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॅचमधल्या ज्या ज्या मुली 'प्लेस' झाल्याचं त्या सांगत, त्या सगळ्यांच्या लग्नाला मीच साड्या नेसवायला गेले होते.

"पगार किती?" मी विचारलं.

"बावीस हजार. शिवाय ओव्हरटाइम."

"त्याचा नाही. माझा."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. बाबा पेढ्याचा पुडा बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे म्याडम, नोकरी न्हाय तुमच्याकडं?"

मॅडमना 'नाही' हा शब्द सहन होत नसे, त्यातून चारचौघांत तर मुळीच नाही. त्या ताठ झाल्या. "नाही कशी? सोमवारपासून माझ्या कॉलेजात इन्स्ट्रक्टर. आत्ताच सांगणार होते." बाबांनी मान डोलावली आणि एक पेढा तोंडात टाकला. माझं लग्न टळलं ते असं, एका बाईच्या तोऱ्यापायी.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या बॅनरवर माझा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, 'नामांकित संस्थेत निवड'. नामांकित संस्थेचा पगार वीस तारखेच्या आधी कधी झाला नाही, झाला तोही निम्मा. पण तो मी स्वतः घरी नेला. त्यांची थट्टा करायचा मला पूर्ण हक्क आहे आणि मी ती आयुष्यभर करणार आहे, पण हे देणं मी नाकारत नाही.

मग कारखान्याच्या मालकाला वरचा मजला गोडाऊनसाठी हवा झाला. मुली येईनाशा झाल्याच होत्या. मोबाइलवर बघून फुकट शिकतात, म्हणून मॅडम त्या मोबाइलला शिव्या देत. त्याच सुमारास मला कल्याणच्या एका मोठ्या सलूनमध्ये काम मिळालं. सांगायला गेले तेव्हा मॅडम आरसे काढून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला वाटलं, आता सोडून जाण्याचीसुद्धा फी मागतील.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. मग आरशाला सुतळी बांधता बांधता म्हणाल्या, "तिथे अजून कुणी हवंय का, विचारशील?"

"विचारते की. कुणाला पाठवताय?"

"मला गं," मॅडम म्हणाल्या. "मला येतं सगळं."

मी विचारलं. सलूनच्या मालकिणीने वय किती म्हणून विचारलं आणि सांगितल्यावर नुसती हसली. मॅडमना हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. महिन्या-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो, आणि मी त्यांच्याइतक्याच मायेने सांगते, "चालू आहे, मॅडम." फोन ठेवला की फार वाईट वाटतं.