चाचांच्या शेजारची सीट

कन्नडहून सकाळच्या एसटीनं मी शहरात कॉलेजला यायचो, तवा एक चाचा माझ्या शेजारी असायचे. नाव मी कधी विचारलंच नाय. मोबाईलवर ते इंग्रजांच्या जुन्या हेरगिरीच्या सिरीयली बघायचे. खालचं इंग्रजी वाचायला दर वाक्याला बोटानं थांबवायचे, ओठ हलवायचे, मग "अच्छा" म्हणून पुढं सोडायचे.

मी डोकावतोय हे बघून एक दिवस त्यांनी इअरफोनचं एक टोक मला दिलं. ना गोळीबार, ना पाठलाग. कोटवाले म्हातारे चहा पीत एकमेकांशी खोटं बोलायचे. मला लई नाद लागला.

चाचा म्हणायचे, "बेटा, इसमें गद्दार लांबचा नसतो. सोबत चहा पिणाराच असतो."

मला नकला करायची खोड. क्रांती चौकात उतरलो की पोरांपुढं मी चाचा करायचो. ते बोट, ते ओठ, तो "अच्छा". पोरं हसून लोळायची. एकदा नक्कल रंगात आली अन् पोरं एकदम गप झाली. वळून बघतो तर मागं चाचा उभे. मी सीटवर विसरलेला डबा त्यांच्या हातात होता. डबा दिला अन् गेले.

दुसऱ्या दिवशी मी मागंच बसणार होतो. पण त्यांनी पिशवी ठेवून माझी जागा धरली होती. रोजच्यासारखं इअरफोनचं टोक पुढं केलं. पडद्यावर दोघं चहा पीत होते.

"बोल बेटा," चाचा म्हणाले, "यातला गद्दार कोण?"

एरवी मीच आधी ओळखायचो. त्या दिवशी मान वर झाली नाय.