दारातून विचारलेला प्रश्न

फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या नि नसीमच्या कॉलेजच्या प्रकल्पाच्या प्रती काढत उभी होते. पिशोरहून, तिच्या गावाहून, तिच्या मामूंचा होता. "बेटा, आपली नसीम गेली," एवढंच म्हणाले... मशीन चालूच राहिलं. लहानपणापासून तिच्या हृदयाची झडप खराब होती म्हणे. घरच्यांना हे कळलं ते शेवटच्या दिवशी, डॉक्टरांकडून. आता दीड महिना झाला. तिच्या जाण्याइतकंच मला आणखी एक सलतं. आठवडाभर आधीच मी तिला विचारलं होतं, "तुला दम लागतो का गं?" ती म्हणाली, "काय नाय." आणि मी विषय सोडून दिला.

आमचा मुख्य विषय अर्थशास्त्र. सामुदायिक आरोग्य संवर्धन हा मायनर, म्हणजे जोडविषय, मी घेतला तो सोपा म्हणून, खोटं कशाला बोलू. नसीमनं मात्र मनापासून घेतला होता. पहिल्याच सत्रात आम्ही शेंद्र्याला सर्वेक्षणाला गेलो. बायकांना विचारायचं होतं, तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का. मी दारोदार फिरून दुपारपर्यंत वीस फॉर्म भरले. वीसच्या वीस फॉर्मांवर उत्तर 'नाही'. नसीमचे झाले होते तीन! एका घरात ही बया चक्क मेथी निवडत बसलेली. "नसीम, बस चुकेल," मी चिडून म्हणाले. ती हसली. "अगं, दारात उभं राहून विचारल्यावर कोण सांगतं? पहिलं 'नाय' असंच असतं, बोलायचं म्हणून. बसायचं, हाताला काम घ्यायचं, मग पुन्यांदा विचारायचं." मेथी संपत आली तेव्हा ती बाई बोलली. कामावर सारखं उठता येत नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती, आणि लघवीला आग होत होती. कितीतरी महिने. सगळीकडे 'नाही' कसं, म्हणून विषयाच्या मॅडमनी माझे वीस फॉर्म परत केले, तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं.

अशी ही मुलगी कॉलेजच्या जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून नोटिसा वाचायची. "लई अभ्यासू!" म्हणून मी चिडवायचे. महिनाभर जुन्या, फाटक्या नोटिसाही ती वाचते, हे मला खटकायला हवं होतं... दुसऱ्याच्या पायांवरची सूज हिला लांबून दिसायची, स्वतःचं मात्र तिनं सगळ्यांपासून लपवलं. घरचे कॉलेज बंद करतील, ही भीती असावी. कधीकधी मला तिचा फार राग येतो. आणि लगेच आठवण येते.

परवा पिशोरला गेले. तिच्या अम्मी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी शेजारी बसले, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. फोडायला लागले. मग त्यांनीच विचारलं, "बेटा, तुला काय व्हतंय?"

"काही नाही, अम्मी."

त्या शेंगा फोडत राहिल्या. थोड्या वेळानं पुन्हा, तितक्याच हळू म्हणाल्या, "काय व्हतंय?"

मला रडू फुटलं. "मी तिला एकदाच विचारलं हो, अम्मी..."

त्यांचे हात थांबले.

"मी बी," त्या म्हणाल्या.